प्रतिसरकार आणि रोजावा : दोन नावांचा अर्थविचार

मध्यवर्ती सत्ता युद्धात गुंतली अथवा मागे हटली असता तिच्या जागी लोक जो कारभार उभारतात, त्याला कायद्याचे अधिष्ठान नसते. म्हणूनच त्याचे नाव महत्त्वाचे ठरते. ते कोणी ठेवले व कोणी पालटले, यावरून त्या कारभाराचे लोकांशी असलेले नाते कळते. प्रस्तुत लेखात अशा दोन नावांचा विचार केला आहे.

तत्कालीन सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील, किसन वीर, नागनाथ नायकवडी, जी. डी. लाड आदींच्या नेतृत्वाखाली ‘प्रतिसरकार’ चालले. ‘प्रति’ या उपसर्गात विरोध व प्रतिरूपता हे दोन्ही अर्थ आहेत; ‘प्रतिपक्ष’ आणि ‘प्रतिमा’ हे शब्द त्यांची साक्ष देतात. न्यायदान मंडळे गावातले कज्जे मिटवीत आणि तुफान सेना बंदोबस्त राखी. त्यामुळे दुसरा अर्थही सार्थ ठरला. लोकांनी मात्र त्याला ‘पत्रीसरकार’ म्हटले. हा केवळ वर्णविपर्यय नव्हे. बैलाच्या खुराला ठोकतात ती पत्री. गुन्हेगाराच्या तळपायाला ती ठोकली जाते, ही समजूत शब्दात शिरली आणि लोकव्युत्पत्तीने नावाला धाकाचा अर्थ दिला.

सीरियातील यादवी युद्धात निराळा प्रकार घडला. जुलै २०१२ मध्ये सरकारी सैन्य उत्तरेकडील अनेक गावांतून निघून गेल्यावर कुर्दांनी तेथील कारभार हाती घेतला. जानेवारी २०१४ मध्ये जझीरा, कोबानी व अफ्रिन हे तीन स्वायत्त विभाग जाहीर झाले. या प्रदेशाला कुर्द ‘रोजावा’ म्हणत. कुर्दी ‘रोज’ म्हणजे सूर्य वा दिवस. फारसीतून मराठीत आलेला ‘रोज’ त्याचाच सजातीय शब्द होय. ‘रोजावा’ म्हणजे सूर्यास्त, अर्थात पश्चिम : कुर्दिस्तानचा पश्चिम भाग. जझीरा विभागाने कुर्दी, अरबी व सुरियानी या तिन्ही भाषा अधिकृत मानल्या. नाव मात्र कुर्दीच होते. पुढे अरबबहुल प्रदेश जोडले गेले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये अनेक कुर्दांची नाराजी पत्करून ‘रोजावा’ हा शब्द अधिकृत नावातून वगळण्यात आला.

साताऱ्यात नाव पालटले ते शासितांनी, सीरियात कारभाऱ्यांनी. पहिल्या बदलात न्याय कसा केला जातो, हा प्रश्न आहे; दुसऱ्यात हा कारभार कोणाकोणाचा, हा. म्हणून अशा राजवटींच्या अभ्यासकाने जाहीरनामे वाचून थांबू नये; लोक तिला कोणत्या नावाने ओळखत, तेही नोंदवावे.