एका मिलिअँपिअरची करामत

नगरजवळ अरणगावला मेहेरबाबांची समाधी आहे. 1972मध्ये तिथे एक इंग्लिश गिटारवादक आला होता, 'द हू' या बँडचा पीट टाउनशेंड. बाबांचा भक्त. त्याच्या 1971च्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबाच! या बँडला आवाज इतका प्रचंड हवा असे, की 1965च्या सुमारास लंडनच्या जिम मार्शल यांनी त्यांच्यासाठी 100 वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर बनवले. सगळे व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचे. असल्या दणकट पेट्यांमध्ये गिटारचा कोवळा सिग्नल सर्वांत आधी शिरतो तो ईसीसी 83 नावाच्या बोटाएवढ्या काचेच्या नळीत. आणि नवल म्हणजे, आज घरात दिवे मंद करून किशोरीताई ऐकणाऱ्या कितीतरी शौकिनांच्या, सिग्नलला पहिली उभारी देणाऱ्या प्री-अ‍ॅम्पमध्येही हीच नळी तांबूस उजळत असते.

या नळीत घडतं तरी काय? आत हवा नाही. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन जणू उकळून बाहेर पडतात आणि समोरच्या प्लेटकडे धावतात, कारण तिथे शे-दोनशे व्होल्टची ओढ असते. वाटेत एक जाळी आहे, तिला ग्रिड म्हणतात. मुळा धरणाचं आवर्तन सुटतं तेव्हा दरवाजा जरासा सरकला तरी कालव्याचा लोट बदलतो ना? ग्रिडवरच्या किंचित व्होल्टेजने इलेक्ट्रॉनांचा लोट तसाच कमी-जास्त होतो. रेकॉर्डच्या खाचेत फिरणारी सुई देते जेमतेम 5 मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. ईसीसी 83चा एक टप्पा सिग्नल पन्नास-साठ पट मोठा करतो, आणि त्या एका काचेत असे दोन टप्पे मावतात!

मग हिच्याकडूनच स्पीकर का वाजवू नये? जरा हिशेब करू. 8 ओहमच्या स्पीकरला 50 वॉट द्यायचे तर 20 व्होल्ट आणि अडीच अँपिअर लागतात. वीस व्होल्ट ही नळी सहज देईल. पण तिच्यातून प्रवाह वाहतो तो एक मिलिअँपिअरच्या आसपास. अडीच हजार पटींची तफावत! मोठे पॉवर व्हॉल्व्ह लावले तरी स्वभाव तोच, व्होल्टेज चढं आणि प्रवाह बेताचा. म्हणून त्यांच्या आणि स्पीकरच्या मधे जड, महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर बसवावा लागतो.

1947मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या ट्रान्झिस्टरच्या वंशजांना मात्र हे अँपिअर किरकोळ. ट्रान्सफॉर्मरची गरजच नाही. वर आणखी एक गंमत आहे. डग्ग्यावर थाप पडून गेल्यावरही स्पीकरचा पडदा हलत राहू पाहतो, आणि हलताना स्वतःच वीज निर्माण करतो. स्पीकर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या पॉवर अ‍ॅम्पचा अंतर्गत रोध ओहमच्या एका छोट्या अंशाइतका असला, की ती वीज त्यातून वाहते आणि पडद्याला ब्रेक लागतो. थाप आटोपशीर ऐकू येते.

म्हणजे नाजूक काम व्हॉल्व्हकडे, अंगमेहनत ट्रान्झिस्टरकडे. मला ही वाटणी फार शहाणपणाची वाटते. पण प्री-अ‍ॅम्पही ट्रान्झिस्टरचाच का नको? चालेल की, आणि मोजमापात तो बहुधा जास्त स्वच्छही ठरेल. व्हॉल्व्ह मूळ स्वरात स्वतःचं थोडं काही मिसळतो, त्यात दुपटीच्या कंपनसंख्येचा वाटा मोठा असतो. सा ची दुप्पट म्हणजे तार सप्तकातला सा! अशी भेसळ कानाला खुपणार कशी? टाउनशेंड नळीला इतकं रेटतो, की लहरींचे माथेच सपाट होतात; घरात तिला ऐसपैस ठेवायचं, म्हणजे हा रंग पुसटसाच राहतो.

मात्र व्हॉल्व्ह-ट्रान्झिस्टरची ही जोडी जुळवताना एक आकडा पाहाच, पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट रोध. व्हॉल्व्हवरचं चढं डीसी व्होल्टेज पुढे जाऊ नये म्हणून प्री-अ‍ॅम्पच्या तोंडाशी कपॅसिटर असतो. तो 0.47 मायक्रोफॅरडचा आणि पुढचा रोध 10 हजार ओहम असेल, तर 34 हर्ट्झपाशीच सिग्नलची शक्ती निम्मी होते, खर्ज पातळ पडतो. रोध 47 हजार असेल तर हीच घसरण 7 हर्ट्झवर, म्हणजे कानाच्या टप्प्याबाहेर जाते. एवढ्याशा आकड्यापायी कित्येक जण स्पीकरला उगाच दोष देत बसतात.

जोडी लावलीत तर आधी प्री-अ‍ॅम्प सुरू करा, नळ्या तापू द्या, मिनिटभराने पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना आधी पॉवर अ‍ॅम्प. क्रम चुकला तर प्री-अ‍ॅम्पचा धक्का मोठा होऊन थेट स्पीकरवर आदळतो. आणि प्लग काढला असला तरी प्री-अ‍ॅम्पचं झाकण कुतूहलापोटी उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात. ते काम जाणत्या मेकॅनिकलाच करू द्या.