दहा रुपये, तालांत आणि कम्युनियनची पाकिटं : ख्रिस्ती घरातली मुलं आणि पैसा

ख्रिस्ती घरात मुलांशी पैशाबद्दल सर्वांत नियमित बोलणं होतं ते रविवारी सकाळी, चर्चच्या दारात. "हे घे दहा रुपये, दानपेटीत टाक." मूल नोट घेतं आणि टाकतं. आठवडाभरातलं पैशाचं शिक्षण तिथेच संपतं. घरात बाकी जे काही चालतं, म्हणजे हप्ते, फी, उसनवारी, बहिणीच्या लग्नाचा खर्च, त्यातलं त्याच्या कानावर फार थोडं येतं. जे येतं ते बंद दाराआडून, चढलेल्या आवाजात.

शिक्षक मित्रहो, पालकहो, या दहा रुपयांचाच आधी विचार करू या. मार्कच्या शुभवर्तमानात एक गरीब विधवा मंदिराच्या भांडारात दोन लेप्टा टाकते. लेप्टा हे अगदी बारीक तांब्याचं नाणं. दोन लेप्टा म्हणजे एक क्वाड्रन्स असा हिशेब मार्क स्वतःच देतो. चौसष्ट क्वाड्रन्स म्हणजे एक दिनार, आणि दिनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. आता पाचवी-सहावीच्या मुलांना गणित घाला: आज मजुरी ६४० रुपये धरली तर त्या बाईने किती टाकले? उत्तर येतं बरोबर दहा रुपये. आपल्या मुलाच्या हातातली तीच नोट!

फरक कुठे आहे, हे मुलं स्वतःच सांगतात. तिचे दहा रुपये तिचे होते, आणि तेवढेच होते. आपल्या मुलाचे दहा रुपये बाबांचे असतात. ती नोट टाकताना त्याचं काहीच कमी होत नाही. म्हणजे आपण त्याला दान शिकवत नसून पोस्टमनचं काम शिकवतो. यावर उपाय साधा आहे. दान देण्याआधी मुलाकडे स्वतःचे पैसे हवेत. आठवड्याला पन्नास द्या, वीस द्या, घराला झेपेल तेवढे द्या. पण ठरलेल्या दिवशी द्या आणि मध्येच "अजून दे" म्हटलं तर देऊ नका. मग त्यातून किती अर्पण करायचं ते त्याला ठरवू द्या.

इथे दशांशाचा प्रश्न येतो. पन्नासाचा दशांश पाच रुपये, हे मूल चटकन काढतं. काही मंडळ्यांत दशांशावर फार भर असतो, काहींत तो वैयक्तिक निर्णय मानतात. तुमच्या घरची रीत तुम्ही सांभाळा. पण पौलाने करिंथकरांना जे लिहिलं तेही मुलाला सांगा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं, आणि जे द्यायचं ते मनात ठरवून द्यावं, बळजबरीने नको. मुलाने एखाद्या रविवारी दोनच रुपये टाकले तर घरी येऊन बोलणी देऊ नयेत. दुसरं एक पथ्य मला याहून महत्त्वाचं वाटतं. "तू देवाला दे, देव तुला दुप्पट देईल" असं मुलांना सांगू नका. तो सौदा झाला. परीक्षेत मार्क कमी पडले किंवा बाबांची नोकरी गेली की मूल सरळ हिशेब मांडतं, की आपण कमी दिलं म्हणून हे झालं. एवढं ओझं कुठल्याही लेकराच्या डोक्यावर नको.

तालांतांचा दाखला संडे स्कूलमध्ये दरवर्षी होतो, आणि दरवर्षी मुलांना एक तालांत मिळालेल्या चाकराची कीव येते. "बिचाऱ्याला एकच दिला." त्यांना तालांत म्हणजे काय ते सांगा. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर मजुराची वीस वर्षांची कमाई! वरच्याच मजुरीने अडतीस लाख चाळीस हजार रुपये. कीव करण्यासारखं काही नव्हतं. एवढं भांडवल त्याने भीतीपोटी जमिनीत पुरलं. 'टॅलेंट' हा गुण या अर्थाचा शब्द याच दाखल्यातून आला, त्यामुळे आपण दाखला लगेच गाण्या-नाचण्याच्या गुणांकडे वळवतो. तो अर्थ आहेच, पण मूळ गोष्ट रोकड पैशाची आहे आणि तिच्यात सावकाराकडे ठेवून मिळणाऱ्या व्याजाचाही उल्लेख आहे. हुशार मूल लगेच विचारील, "मग निर्गम पुस्तकात गरिबाकडून व्याज घेऊ नका असं का लिहिलंय?" हा प्रश्न टाळू नका. अडलेल्या माणसाच्या गरजेवर व्याज लावणं वेगळं आणि ज्याच्याकडे धंद्याला पैसा आहे त्याच्याकडून परतावा घेणं वेगळं, हा फरक सातवीतल्या मुलाला कळतो.

वसईकडच्या मुलांना तर यासाठी घराजवळचंच उदाहरण आहे. बॅसिन कॅथॉलिक बँकेची सुरुवात १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंनी केली. धर्मगुरूला पतसंस्था कशाला हवी होती, हे मुलांना आजी-आजोबांकडून विचारून आणायला सांगा. सावकार, गहाण टाकलेली वाडी, व्याजावर व्याज, हे शब्द त्यातूनच येतील.

आता पाकिटांकडे येऊ. प्रथम कम्युनियन, दृढीकरण, नाताळ. मुलाच्या हातात पाकिटं येतात आणि संध्याकाळी आईच्या कपाटात जातात. "तुझ्यासाठीच ठेवलेत." पुढे त्यांचं काय झालं हे मुलाला कधीच कळत नाही. पाकिटांतून आलेले पैसे बहुतेकदा जेवणाच्या खर्चात जातात, आणि त्यात लपवण्यासारखं काय आहे? केटररचं बिल एवढं झालं, पाकिटांत एवढे आले, त्यातले एवढे तुझ्या खात्यात जातील, असं मुलासमोर कागदावर मांडा. पुढच्या वेळी हॉल आणि सजावट थोडी साधी ठेवायची सूचना कदाचित मुलाकडूनच येईल. खातं उघडणंही अवघड नाही. दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतःच्या नावाने बचत खातं उघडून चालवता येतं, तशी मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये दिली आहे. मर्यादा बँकेप्रमाणे वेगवेगळ्या असतात. पोस्टातही ही सोय आहे. स्लिप मुलानेच भरावी, खाडाखोड झाली तरी चालेल.

कर्जाबद्दल किती सांगायचं, हे पालक नेहमी विचारतात. आकडा सांगितलाच पाहिजे असं नाही, पण खोटं सांगू नये. "यंदा आपल्यावर कर्ज आहे, म्हणून सहलीचे पैसे जमणार नाहीत" हे वाक्य मूल पेलू शकतं. "बघू, पुढच्या आठवड्यात" हे चार वेळा ऐकलेलं मूल मात्र आपल्यावर विश्वास ठेवणं सोडतं. शिक्षकांनीही इथे थोडं जपायला हवं. फी राहिलेल्या मुलाचं नाव वर्गात वाचू नये, आणि नाताळच्या वर्गणीची यादी फळ्यावर लावू नये.

शेवटचा विषय वाटणीचा. तो घरात मोठी माणसंही दबक्या आवाजात बोलतात. उधळ्या पुत्राची गोष्ट प्रत्येक ख्रिस्ती मुलाला पाठ असते, पण त्याने मागितलं काय होतं? बाप जिवंत असताना त्याच्या मालमत्तेतला हिस्सा. अनुवादात थोरल्या मुलाला दुप्पट वाटा सांगितला आहे. त्या हिशेबाने धाकट्याचा एक तृतीयांश झाला, आणि बहिणींचा उल्लेखच नाही. आपल्याकडे भारतीय ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. वडील मृत्युपत्र न करता वारले तर आईला एक तृतीयांश आणि उरलेलं दोन तृतीयांश सर्व मुलांना सारखं, मग तो मुलगा असो की मुलगी. वडील हयात असताना कोणालाही वाटणी हक्काने मागता येत नाही, जन्मामुळे हिस्सा मिळतो असंही नाही. मृत्युपत्राने वडील वेगळी व्यवस्था करू शकतात. नववी-दहावीच्या मुलामुलींना हे माहीत असावं. कारण पुढे कधीतरी घरातल्या मुलीसमोर हक्कसोडपत्र येतं आणि "भावाशी वाईटपणा नको" म्हणून ती सही करते. तिने विचार करून, समजून सही केली तर तो तिचा निर्णय. पण त्या कागदावर काय सोडलं जातंय हे तिला तिच्या लग्नाच्या आधी, भावाच्या देखत, आईवडिलांनी सांगितलेलं असावं. जेवणं झाल्यावर, ताटं उचलण्याआधी, पंधरा मिनिटं पुरतात.