हेल्पर किती वर्षे हेल्पर?

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या तीनचाकी रिक्षा बनतात, तर इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरात अवजड यंत्रे. अशा औद्योगिक पट्ट्यांत पोटासाठी गाव सोडलेला तरुण ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून लागतो. पुढे मशिन चालवायला शिकतो. पण ठेकेदार बदलला की कागदावर पुन्हा हेल्परच!

हे दुखणे जुनेच आहे. कोकण-घाटावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या आपल्या बापजाद्यांना विणकाम खात्याचे दार बंद होते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे निमित्त. जास्त मजुरी मात्र त्याच खात्यात! १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपनेत्यांपुढे रोखठोक मांडला. नुसते काम नको, बढतीच्या खात्याचे दारही उघडा, हाच त्याचा अर्थ.

आज विटाळाचे नाव कोणी घेत नाही. दार अडवायला ठेकेदाराचे हजेरीपत्रक पुरते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी नियुक्तिपत्र बंधनकारक केले आहे. बांधवांनो, ते मागून घ्या. त्यावर हुद्दा कोणता लिहिलाय, तो आधी वाचा. हाताला ऑपरेटरचे काम आणि कागदावर हेल्पर असेल, तर एकट्याने नव्हे, संघटनेने जाब विचारा!