फोटोसोबत आणखी काय जातं?

रविवारी फुटाळ्यावर काढलेले फोटो आपण घरी पोचायच्या आत मित्रांना पाठवतो. पण फोटोच्या फाईलमध्ये चित्राशिवाय बरंच काही असतं: तारीख, वेळ, मोबाईलचं मॉडेल आणि कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा. नागपूरसाठी ते साधारण 21.15 उत्तर, 79.09 पूर्व असे असतात. पुढचे दशांश तर थेट तुमच्या गल्लीपर्यंत नेतात.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर तो लहान होतो आणि ही माहितीही गळून पडते. पण "क्लिअर पाहिजे" म्हणून तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला, की मूळ फाईल जशीच्या तशी जाते. घराचा किंवा पक्ष्याच्या घरट्याचा फोटो असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन आधीच बंद करा. (घरट्याभोवती गर्दी जमायला एक ग्रुप पुरतो!)

तारीख मात्र लपवू नका, उलट फोटोखाली लिहाच. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागपुरात पूर आला. त्या दिवसाचे साध्या मोबाईलवरचे फोटो नोंद म्हणून आजही कामाचे आहेत. तेच फोटो पुढच्या पावसाळ्यात तारखेशिवाय फिरले, तर नाग नदीकाठचे लोक रात्रीच सामान वर चढवायला लागतील. म्हणून एवढी ओळ पुरे: "अंबाझरी तलाव, 23 सप्टेंबर 2023, सकाळ."