टेबलावर आपली दौंड–मनमाड लाइन
घरात छोटी रेल्वे मांडायचीय? मग परदेशी डोंगर कशाला, आपली दौंड–मनमाड लाइन घ्या, १८७८ची आहे! एचओ माप म्हणजे १:८७. एलएचबी डबा २७ सेंटिमीटरचा होतो, म्हणून तीन-चार डबे पुरे. गंमत म्हणजे एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, पण आपला ब्रॉडगेज त्या मापात १९.३ भरतो. मी तिकडे काणाडोळा करतो.

खडीसाठी बारीक कच चाळून पसरा, साबणपाणी फवारा, मग पातळ फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा. रात्रभर हात लावू नका. सांध्यात गोंद गेला तर गाडी वळवायचं विसरा. बेलापूर स्टेशनभोवती काळी माती नि ऊस हवाच.

आधी कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय मात्र बघून या.