एकास चार
हमिंगबर्ड अमेरिका खंडांबाहेर कुठेच नाही. न्यू जर्सीत माणकासारख्या गळ्याचा रुबी-थ्रोटेड वसंतात येतो. कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर अ‍ॅनाज हमिंगबर्ड बाराही महिने असतो. त्यांना साखरपाणी देण्याच्या टांगत्या भांड्यासाठी प्रमाण एकच: वाटीभर पांढरी साखर, चार वाट्या पाणी. विरघळवा, गार करा, भरा. गूळ किंवा ब्राऊन शुगर नको, त्यातलं लोह या पक्ष्यांना बाधतं. मधाच्या पाण्याला बुरशी लवकर धरते. पाण्यात लाल रंगाची तर गरजच नाही; भांड्याची लाल फुलं त्यांना पुरतात.

खरं काम पुढेच. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी उरलेलं पाणी ओतून भांडं गरम पाण्यानं, ब्रशनं घासायचं. पाणी गढुळलं तर त्याआधीच. एवढी उस्तवार जमणार नसेल, तर भांडं न टांगलेलंच बरं. मुंग्या रोखण्यासाठी वर पाण्याची वाटी अडकवा. हे पक्षी मोठे भांडखोर! एकच दांडगा नर सगळ्यांना हुसकावतो, म्हणून दोन लहान भांडी एकमेकांच्या आड ठेवा. भांडं टांगलेलं राहिलं तर पक्षी दक्षिणेकडे जाणार नाहीत, ही भीती व्यर्थ आहे. त्यांचं निघणं दिवस लहान होण्याशी बांधलेलं असतं.