रसद वाहणाऱ्या विमानाचे मोल

युद्धकथांत मान लढाऊ विमानांना मिळतो. पण २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगर वाचवायला शीख रेजिमेंटचे जवान उतरवले ते डाकोटा या मालवाहू विमानांनी. मे १९४८ मध्ये वैमानिक मेहर सिंग यांनी डाकोटाच सुमारे ११,५०० फुटांवरच्या लेहला नेले. म्हणून हवाई दलाला २०१८ मध्ये मिळालेले, ब्रिटनमध्ये डागडुजी झालेले ‘परशुराम’ हे डाकोटा जपणे योग्यच आहे. त्यावर क्रमांक काश्मीर मोहिमेतला असला तरी विमान मूळचे नाही, मग खर्च कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण जमिनीवर उभ्या डाकोटाची शेपटीकडे उतरती केबिन पाहिली, की त्या चढावर ओझी ढकलणाऱ्यांचे कष्ट कळतात. रसदीविना शौर्य अपुरे पडते, हे पुढच्या पिढीला छायाचित्रापेक्षा असे विमानच नेमके शिकवते.